पुनरागमनाचा अल्बम लेबलकडे अडकला आहे: लातूरच्या एका मेटल बँडला सविस्तर उत्तर

लातूरच्या एका हेवी मेटल बँडमधील गिटारवादकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयात जमलेला त्यांचा बँड नोकऱ्यांमुळे फुटला. दहा-बारा वर्षांनी चौघे पुन्हा एकत्र आले आणि दुष्काळ, ऊसतोड व स्थलांतर या विषयांवरील आठ मराठी गाण्यांचा अल्बम त्यांनी ध्वनिमुद्रित केला. मुंबईतील एका छोट्या लेबलने, म्हणजे संगीत प्रकाशित करणाऱ्या कंपनीने, निम्मा खर्च उचलला, करारपत्रावर सही झाली, मास्टरिंगही (प्रकाशनाआधी आवाजावर होणारे शेवटचे काम) पूर्ण झाले. त्यानंतर मात्र प्रकाशनाची तारीख तीनदा पुढे ढकलली गेली, लेबलमधील ओळखीची माणसे सोडून गेली, ईमेलना उत्तरे येईनाशी झाली आणि आता ते लेबल आपला सगळा संग्रह दुसऱ्या कंपनीला विकणार असल्याचे कानावर येत आहे. सही होऊन चौदा महिने झाले आहेत, मास्टरिंग होऊन आठ. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत: अल्बम स्वतःच इंटरनेटवर टाकावा का, गाणी नव्याने ध्वनिमुद्रित करता येतील का, आणि दिवाळीनंतर छत्रपती संभाजीनगरात ठरलेला कार्यक्रम करावा की अल्बम येईपर्यंत थांबावे.

मी संभाजीनगरात ध्वनिमुद्रणाचे काम करतो आणि त्या कामाच्या ओघात मराठवाड्यातील बँडची, लोकगायकांची आणि शाहिरांची करारपत्रे मला बारकाईने वाचावी लागली आहेत. मी वकील नाही. शेवटचा शब्द वकिलाचा असावा, पण वकिलाकडे जाताना काय घेऊन जायचे आणि काय विचारायचे, हे ठाऊक असेल तर निम्मे काम तिथेच होते, म्हणून हे उत्तर सविस्तर लिहितो आहे.

आधी उशिराविषयी, कारण या प्रकरणात खरे नुकसान तोच करतो. विशीतला बँड दोन वर्षे थांबू शकतो. तुमच्यासारख्या बँडने मात्र प्रत्येकाच्या रजा, मुलांच्या परीक्षा, चाकणच्या कारखान्यातील पाळ्या आणि घरातील आजारपणे सांभाळून जुळवून आणलेला काळ त्या अल्बममध्ये घातलेला असतो. तो काळ सरला की चौघांना पुन्हा एका खोलीत आणणे पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड जाते. लेबलला याची कल्पना नसते किंवा पर्वा नसते. त्यांच्या लेखी तो संग्रहातील एक नोंद असतो. म्हणून पुढे जे सांगतो आहे त्याचा रोख एकच आहे: लेबलच्या सवडीवर अवलंबून असलेली गोष्ट कोणती आणि तुमच्या हातात आजही असलेली गोष्ट कोणती, हे लवकरात लवकर वेगळे काढणे.

‘अल्बम लेबलकडे आहे’ हे वाक्य सगळेच वापरतात, पण कायद्याच्या दृष्टीने ते फार अपुरे आहे. एका गाण्यात निदान तीन निरनिराळे हक्क असतात. पहिला संगीतरचनेचा आणि शब्दांचा: रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा तुकडा), चाल, गाण्याची बांधणी आणि कविता. दुसरा त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा, ज्याला आपण मास्टर म्हणतो. तिसरा वादक-गायकांचा, म्हणजे ज्यांनी प्रत्यक्ष वाजवले व गायले त्यांचा सादरकर्ते म्हणून असलेला हक्क. कॉपीराइट कायदा, १९५७ या तिन्हींचा वेगवेगळा विचार करतो, त्यांच्या मुदतीही वेगळ्या आहेत. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतो, सादरकर्त्यांचा सादरीकरणानंतर पन्नास वर्षे. करारपत्रात यांपैकी नेमके काय लिहून दिले आहे, हे कलम-कलम वाचून काढल्याशिवाय पुढचे एकही पाऊल टाकू नका. माझ्या पाहण्यातील बहुतेक छोट्या लेबलांचे करार मास्टरभोवती फिरतात. रचना लेबलच्या नावे पूर्णपणे लिहून दिलेली नसली, तर तुमची स्थिती वाटते त्यापेक्षा पुष्कळ चांगली आहे.

मास्टरचा पहिला मालक कोण, हा प्रश्न वरवर सोपा दिसतो, पण बहुतेक वाद याच ठिकाणी उभे राहतात. कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे निर्माता, आणि निर्माता म्हणजे ज्याने ते ध्वनिमुद्रण घडवून आणण्याचा पुढाकार घेतला व जबाबदारी उचलली तो. निम्मे पैसे लेबलने दिले एवढ्याने लेबल आपोआप निर्माता ठरत नाही. स्टुडिओ कोणी ठरवला, तारखा कोणी घेतल्या, अभियंत्याला काम कोणी सांगितले, पैसे बुडाले असते तर कोणाचे बुडाले असते, हे पाहिले जाते. त्यामुळे स्टुडिओची बिले आज बाहेर काढा आणि ती कोणाच्या नावे फाडली आहेत ते पाहा. ड्रमच्या सत्रांचे बिल तुमच्या ड्रमरच्या नावे, मिक्सिंगचे गायकाच्या नावे आणि केवळ मास्टरिंगचे लेबलच्या नावे, असे अनेकदा निघते. यूपीआयच्या नोंदी, स्टुडिओशी झालेले व्हॉट्सॲपवरील बोलणे, सत्रांच्या तारखा लिहिलेली वही, हे सगळे एकत्र करा. सातबाऱ्यावर नावाची साखळी तुटली की जमिनीचा व्यवहार जसा अडतो, तसाच मास्टरचा व्यवहारही मूळ मालकीची साखळी स्पष्ट नसेल तर अडतो. ती अडचण यापुढे तुमच्यापेक्षा लेबलला आणि त्याच्याकडून संग्रह विकत घेणाऱ्याला अधिक भोवणार आहे.

आता सहीकडे या. हक्कांचे हस्तांतरण लेखी असावे लागते आणि त्यावर हक्क देणाऱ्याची किंवा त्याने रीतसर अधिकार दिलेल्या प्रतिनिधीची सही लागते, असे कलम १९ सांगते. बँडमध्ये सामान्यतः एकच जण सही करतो, बहुधा गायक किंवा ज्याचे इंग्रजी बरे असते तो. इतर तिघांनी त्याला लेखी अधिकारपत्र दिले होते का? बँड ही नोंदणीकृत भागीदारी किंवा कंपनी नसेल, तर एकाच्या सहीने चौघांचे हक्क गेले असे लेबलला सहजासहजी म्हणता येणार नाही. अर्थात, तिघांनी लेबलचे पैसे स्वीकारले असतील आणि ईमेलमध्ये होकार दिला असेल, तर लेबल त्यावर बोट ठेवणार. म्हणून हा मुद्दा चर्चेच्या टेबलावर दबाव आणण्यासाठी उपयोगी आहे, सगळा डाव त्याच्यावर लावण्याजोगा नाही.

या सगळ्यांत तुमच्या कामाची सर्वांत मोठी तरतूद कलम १९ च्या चौथ्या पोटकलमात आहे, आणि मराठवाड्यातील कलाकारांना ती जवळजवळ ठाऊक नसते याचे मला मनापासून वाईट वाटते. हस्तांतरण झाल्यापासून एक वर्षाच्या आत ज्याला हक्क दिले त्याने ते वापरलेच नाहीत, तर त्या हक्कांपुरते हस्तांतरण ती मुदत संपताच संपुष्टात आल्याचे मानले जाते. अट एवढीच की करारपत्रात त्याविरुद्ध काही लिहिलेले नसावे. हे ‘विरुद्ध लिहिलेले’ शोधण्यासाठी करारपत्राची शेवटची दोन-तीन पाने वाचा. तिथे ‘प्रकाशनाचा निर्णय सर्वस्वी कंपनीचा राहील’ किंवा ‘हक्क न वापरल्याने हस्तांतरण रद्द होणार नाही’ अशा अर्थाचे वाक्य असते. दुसरे वाक्य असेल तर ही तरतूद तुम्हाला सरळ लागू होत नाही. केवळ पहिले असेल, तर वकिलाला तुमच्या बाजूने मांडण्यासारखे पुष्कळ उरते.

वर्ष कधीपासून मोजायचे, यात एक बारकावा आहे आणि त्याकडे घाईघाईत दुर्लक्ष होते. तुम्ही करारावर सही केली तेव्हा ध्वनिमुद्रण झालेलेच नव्हते. भविष्यातील कृतीचे हस्तांतरण ती कृती अस्तित्वात आल्यावरच लागू होते, असे कलम १८ म्हणते. म्हणजे मास्टरपुरते वर्ष सहीच्या दिवसापासून मोजले तर ते उलटून गेले, पण ध्वनिमुद्रण पूर्ण झाल्यापासून मोजले तर अजून काही महिने शिल्लक असू शकतात. तुम्ही सावध मोजणी धरा आणि मास्टरिंगची अंतिम फाइल ज्या दिवशी पोचली तो दिवस आधाराला घ्या. याउलट ज्या गाण्यांच्या रचना सहीपूर्वीच तयार होत्या आणि ज्या रचनांचे हक्कही करारात दिले होते, त्यांचे वर्ष सरळसरळ भरले आहे. आपल्या जुन्या फोनमधील सरावाची रेकॉर्डिंग, कवितेच्या वहीचे फोटो, एकमेकांना पाठवलेल्या फाइल्सच्या तारखा जपून ठेवा. रचना कधी जन्मली, हे त्यांतूनच सिद्ध होते.

लेबलने मधल्या काळात एखादे गाणे ‘टीझर’ किंवा सिंगल म्हणून प्रकाशित केले असेल, तर ते म्हणणार की आम्ही हक्क वापरले. तसे असले तरी वाट बंद होत नाही. कलम १९अ नुसार, ज्याला हक्क दिले त्याने त्यांचा पुरेसा वापर केला नाही आणि त्यात हक्क देणाऱ्याचा काही दोष नसेल, तर हस्तांतरण रद्द करून घेण्यासाठी अर्ज करता येतो. पूर्वी अशी प्रकरणे कॉपीराइट मंडळाकडे आणि नंतर बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे जात. २०२१ मध्ये ते मंडळ बरखास्त झाल्यापासून ती व्यावसायिक न्यायालयाकडे जातात. शक्यतो सहा महिन्यांत निकाल लागावा, असे कायदा म्हणतो, पण प्रत्यक्षात तेवढ्यात होईल असे गृहीत धरून कार्यक्रम आखू नका. ‘आपला दोष नाही’ हे दाखवण्यासाठी मात्र आजपासूनच तयारी हवी. मुखपृष्ठाची फाइल, गाण्यांचे शब्द, श्रेयनामावली, छायाचित्रे, यांपैकी लेबलने मागितलेले आणि तुम्ही अजून न दिलेले काही असेल तर ते या आठवड्यात पाठवा आणि पोच ठेवा.

मोठ्या बँडनाही यातून जावे लागले आहे, आणि त्यांच्या उदाहरणांतून शिकण्यासारखे बरेच आहे. अमेरिकेतील ‘टूल’ या बँडचा ‘एनिमा’ १९९६ मध्ये आला आणि त्यानंतरचा ‘लॅटरॅलस’ यायला २००१ साल उजाडले. मधल्या काळात व्होल्केनो या लेबलशी त्यांचा कोर्टकज्जा चालला. लेबलचे म्हणणे होते की बँड करार मोडून दुसरीकडे बोलणी करतो आहे, तर बँडचे म्हणणे होते की करार वाढवून घेण्याचा पर्याय लेबलने मुदतीत वापरलाच नाही. शेवटी कोर्टाबाहेर तडजोड होऊन तीन अल्बमांचा संयुक्त करार झाला. म्हणजे इतक्या मोठ्या बँडचा वादही करारातील एका मुदतीभोवती फिरत होता. तुमच्याही करारात ‘पुढील अल्बमाचा पर्याय’ अशा अर्थाचे कलम असेल. तो पर्याय कोणत्या तारखेपर्यंत आणि कसा कळवायचा आहे, हे लाल पेनने अधोरेखित करा.

‘अँथ्रॅक्स’ या अमेरिकी बँडचे उदाहरण तुमच्या स्थितीला अधिक जवळचे आहे. १९९८ मध्ये त्यांचा ‘व्हॉल्यूम ८’ इग्निशन या छोट्या लेबलने काढला आणि त्यानंतर लवकरच ते लेबल दिवाळखोरीत गेले. त्या अल्बमला दुकानांत पोचवणारेच कोणी उरले नाही. गाण्यांत काही खोट होती म्हणून तो मागे पडला असे मला वाटत नाही. वितरण कोसळले की चांगला अल्बमही लोकांच्या नजरेला पडत नाही, एवढेच त्यातून दिसते. ‘जुडास प्रीस्ट’ या ब्रिटिश बँडचे दुखणे आणखी जुने आहे. ‘रॉका रोला’ (१९७४) आणि ‘सॅड विंग्ज ऑफ डेस्टिनी’ (१९७६) हे त्यांचे पहिले दोन अल्बम गल या लेबलने काढले. बँड सीबीएस या दुसऱ्या लेबलकडे गेला, पण त्या दोन अल्बमांचे हक्क गलकडेच राहिले. पुढे जगभर नाव झाल्यावरही आपल्याच सुरुवातीच्या कामावर त्यांना हुकमत नव्हती. आज कंटाळून सोडून दिलेला हक्क उद्या किती महाग पडतो, हे त्यावरून समजते.

संग्रह विकला जाणार असल्याच्या बातमीकडे येतो. विकणाऱ्याकडे जेवढे आहे तेवढेच विकत घेणाऱ्याला मिळते. संपुष्टात आलेले हस्तांतरण विकता येत नाही. म्हणून विक्री होण्यापूर्वी तुमची लेखी नोटीस लेबलच्या नोंदणीकृत पत्त्यावर पोचणे फार महत्त्वाचे आहे. खरेदीदार कोण हे निश्चितपणे कळले तर त्यालाही प्रत पाठवा, मात्र त्यात केवळ तारखा आणि कलमे असू द्या, आरोप नकोत. नोटीस पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा आणि ईमेलही करा. लेबलची कंपनी नादारीच्या प्रक्रियेत गेली, तर २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेनुसार तिच्याविरुद्धचे दावे त्या काळापुरते थांबतात आणि तुम्हाला आपली येणी रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे, म्हणजे ती प्रक्रिया चालवण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीकडे, मुदतीत नोंदवावी लागतात. तो प्रसंग येण्याआधी तुमची भूमिका कागदावर असली पाहिजे.

आता तुमचा पहिला प्रश्न. अल्बम रागाच्या भरात स्वतःच अपलोड करू नका. तुमची वेदना मला कळते. आपलीच गाणी आपल्याला ऐकवता येत नाहीत, यासारखी घुसमट दुसरी नाही. पण मास्टरचा हक्क कोणाचा हे ठरण्याआधी तो टाकला, तर लेबल कलम ५२ मधील तरतुदीनुसार त्या संकेतस्थळाकडे तक्रार करू शकते. तक्रार मिळाल्यापासून छत्तीस तासांत ती गाणी काढली जातात आणि एकवीस दिवस, किंवा तेवढ्या काळात न्यायालयाचा आदेश आला तर त्याप्रमाणे, बंद राहतात. यूट्यूबसारख्या ठिकाणी वाहिनीवर स्ट्राइक लागतो तो वेगळाच, आणि नव्वद दिवसांत तीन स्ट्राइक झाले तर वाहिनीच जाऊ शकते. त्याहून वाईट म्हणजे आजवर करार मोडणारे लेबल होते, अपलोड केल्यावर करार मोडणारे तुम्ही ठरता. ‘हक्क देणाऱ्याचा दोष नाही’ ही तुमची सर्वांत भक्कम बाजू तुम्हीच गमावून बसता.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जास्त आशादायक आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क त्या ध्वनिमुद्रणापुरताच असतो. रचना तुमच्या असतील, तर तीच गाणी नव्याने वाजवून नवे मास्टर तयार करण्यास मास्टरच्या मालकाची परवानगी लागत नाही. अपवाद एकच, पण तो मोठा आहे: करारातील पुनर्ध्वनिमुद्रणाची बंदी. ‘कलाकार हीच गाणी अमुक वर्षे अन्य कोणासाठी ध्वनिमुद्रित करणार नाही’ अशा आशयाचे ते वाक्य असते. ते असेल तर आधी तडजोड किंवा निकाल हवा. ते नसेल, किंवा मूळ हस्तांतरणच संपुष्टात आलेले असेल, तर कामाला लागा.

मात्र ‘नव्याने’ या शब्दाचा अर्थ शब्दशः घ्या. अनेक बँड इथे चूक करतात. गिटारचे डीआय ट्रॅक (अँपविना थेट केबलने घेतलेला गिटारचा आवाज) आपल्याकडे आहेत, तेच दुसऱ्या अँपमधून पुन्हा काढू आणि नवे मास्टर झाले असे म्हणू, असा विचार सहज सुचतो. पण बहुतेक करारांत ‘पूर्ण वा अपूर्ण सर्व ध्वनिमुद्रणे’ लिहिलेले असते आणि डीआय ट्रॅकही ध्वनिमुद्रणच आहे. ड्रमच्या जुन्या सत्रातून कापून घेतलेले स्नेअर या ड्रमच्या आवाजाचे नमुनेही तसेच. त्यामुळे प्रत्येक आवाज पुन्हा वाजवलेला असावा. टेम्पोचा नकाशा, म्हणजे कुठल्या कडव्यात वेग किती आणि कुठे बदलतो याची नोंद, ही बांधणीचा भाग आहे, ध्वनी नव्हे. ती वापरायला हरकत नाही आणि तिच्यामुळे बराच वेळ वाचतो. नव्या सत्राच्या प्रत्येक फाइलवर तारीख टाका, सत्राची छायाचित्रे घ्या, स्टुडिओचे बिल या वेळी चौघांनी ठरवलेल्या एकाच नावाने करा.

कामाच्या दृष्टीने दोन सूचना. पुन्हा ध्वनिमुद्रण करताना आठही गाणी हाती घेऊ नका. ड्रमपासून सुरुवात करा, कारण मेटलमध्ये ड्रम बसले की बाकीचे बसते, आणि ड्रमरची रजाच सर्वांत दुर्मीळ असते. दुहेरी बासच्या, म्हणजे दोन्ही पायांनी बास ड्रम वाजवण्याच्या, वेगवान जागा ज्या गाण्यांत कमी आहेत ती तीन-चार गाणी सलग दोन दिवसांत होतात. औद्योगिक वसाहतीतील शेडमध्ये सराव करत असाल तर गिटार तिथे ध्वनिमुद्रित करण्याचा मोह टाळा. वाळूज असो की लातूरची वसाहत, जवळच्या यंत्रांमुळे आणि कच्च्या अर्थिंगमुळे जास्त गेनच्या (आवाज खूप वाढवून खरखरीत केलेल्या) गिटारमध्ये जो गुणगुणाट शिरतो, तो नंतर काढता काढता रिफची धारही जाते. डीआय मात्र रात्री उशिरा, यंत्रे बंद असताना, चांगल्या इंटरफेसवर घरीही नीट मिळतात. उन्हाळ्यात गिटारची नेक (दांडी) सरकते, म्हणून खालच्या ट्यूनिंगमध्ये प्रत्येक टेकआधी सूर तपासा.

तुमच्या आठ गाण्यांपैकी दोन महाविद्यालयाच्या काळातील आहेत आणि त्यांचे रिफ पुण्यात गेलेल्या जुन्या गिटारवादकाबरोबर रचलेले आहेत, असे तुम्ही कळवले आहे. हा मुद्दा छोटा वाटतो, पण लेबलच्या वादापेक्षा तो अधिक कटू होऊ शकतो. संयुक्त रचनेत त्याचाही हक्क आहे, आणि त्याने कशावरही सही केली नसेल तर त्याचा वाटा लेबलकडे कधी गेलाच नाही. त्याला आजच फोन करा, सन्मानाने बोला, आणि प्रत्येक गाण्यात कोणाचा किती वाटा हे पाचही जणांच्या सह्यांनी एका कागदावर आणा. महाराष्ट्रात यासाठी आता पाचशे रुपयांचा मुद्रांक लागतो. गीतकार व संगीतकार म्हणून आयपीआरएस या, गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आणि १९६९ पासून काम करणाऱ्या, संस्थेचे सदस्यत्व घेतले नसेल तर घ्या. २०१२ च्या दुरुस्तीनंतर शब्द आणि संगीत यांच्या कर्त्याला रॉयल्टीचा समान वाटा मिळण्याचा हक्क आहे. तो वारसांना किंवा अशा संस्थेला सोडून इतर कोणालाही लिहून देता येत नाही, आणि दिला तरी तो करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. तुमच्या करारात एकरकमी मोबदल्यात सर्व रॉयल्टी सोडल्याचे वाक्य असले, तरी घाबरू नका.

कोर्टात जाण्यापूर्वी एक पायरी आहे. व्यावसायिक स्वरूपाच्या दाव्यात तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल, तर आधी मध्यस्थी करून घेणे बंधनकारक आहे आणि ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत होते. मला हा टप्पा ओझे वाटत नाही. ज्या लेबलने ईमेलला उत्तर दिले नाही ते प्राधिकरणाच्या पत्राला बहुधा उत्तर देते. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ नुसार हक्काचा दावा तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा न्यायालयातही लावता येतो, म्हणजे लातूरच्या माणसाला प्रत्येक तारखेला मुंबई गाठलीच पाहिजे असे नाही. करारात लवादाचे किंवा ‘केवळ मुंबईचे न्यायालय’ असे कलम असेल तर त्याचा परिणाम काय, हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा. करारभंगाच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, हेही ध्यानात असू द्या.

तरीही माझा सल्ला तडजोडीचाच आहे, आणि तिचे स्वरूप आधी स्वतः ठरवून मगच बोलायला बसा. लेबलने घातलेला निम्मा खर्च बुडवण्याची भाषा करू नका. तो अल्बमाच्या उत्पन्नातून आधी फेडण्याची तयारी दाखवा आणि त्या बदल्यात मास्टर परत मागा. बुडत्या लेबलला हातात रोख येण्याची शक्यता कागदावरच्या हक्कापेक्षा प्रिय असते. मास्टर परत देण्यास ते अगदीच तयार नसतील, तर हस्तांतरणाऐवजी तीन वर्षांचा परवाना आणि नव्वद दिवसांत प्रकाशन न झाल्यास हक्क आपोआप परत, एवढे दोन बदल तरी पदरात पाडून घ्या. यापुढच्या कामासाठी मी स्वित्झर्लंडच्या ‘सेल्टिक फ्रॉस्ट’चा मार्ग उत्तम मानतो. १९९० नंतर सोळा वर्षांनी आलेला त्यांचा ‘मोनोथीस्ट’ त्यांनी स्वतःच्या पैशांतून घडवला आणि मग तो सेंच्युरी मीडिया या लेबलने २००६ मध्ये प्रकाशित केला. कॅनडाच्या ‘अँव्हिल’नेही ‘धिस इज थर्टीन’ उसन्या पैशांवर घडवून २००७ मध्ये स्वतःच काढला आणि मागणी आल्यावर तो दोन वर्षांनी दुसऱ्या लेबलकडून पुन्हा निघाला. ज्याच्या हाती तयार मास्टर असते तो बोलणी करतो, ज्याच्या हाती नसते तो विनवणी करतो.

शेवटचा प्रश्न कार्यक्रमाचा. तो अवश्य करा. मास्टर अडकला म्हणून गाणी वाजवण्यावर बंदी येत नाही, कारण मंचावर तुम्ही रचना सादर करता, ते ध्वनिमुद्रण वाजवत नाही. करारात कार्यक्रमांच्या उत्पन्नात लेबलचा वाटा लिहिला आहे का, एवढे तपासा आणि असेल तर त्याचा हिशेब वेगळा ठेवा. सार्वजनिक सादरीकरणाचा आयपीआरएसचा परवाना आयोजकाने घेतला आहे ना, तेही विचारून घ्या. पार्श्वभूमीला वाजणारे तयार ट्रॅक, म्हणजे पावसाचा आवाज, निवेदन, सिंथचा थर, हे अडकलेल्या मास्टरमधून काढलेले असतील तर ते वापरू नका, नव्याने बनवा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला आलेल्या पाण्याच्या रेल्वेवरील तुमचे गाणे जिथे ती रेल्वे लोकांनी डोळ्यांनी पाहिली त्या मुलखात मोठ्याने वाजले पाहिजे, आणि त्यासाठी कोणत्याही कचेरीच्या पत्राची वाट पाहण्याचे कारण नाही.

मिक्सिंग डेस्कवरून त्या कार्यक्रमाचे प्रत्येक वाद्याचे स्वतंत्र ध्वनिमुद्रण करून घ्या. ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्याला आधी सांगितले तर ते सहज होते. मात्र करारातील एकाधिकाराचे (फक्त याच लेबलसाठी ध्वनिमुद्रण करण्याचे) कलम त्यालाही लागू होऊ शकते, म्हणून मास्टरिंगची फाइल मिळाल्याच्या तारखेपासून पूर्ण वर्ष उलटून, नोटिशीची पोच हाती येऊन आणि वकिलाचे लेखी मत घेऊन झाल्याशिवाय त्यातले एकही गाणे प्रकाशित करू नका. तोवर दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ते ठेवा, एक लातूरला आणि एक संभाजीनगरला, आणि दोन्हींवर चौघांची नावे व कार्यक्रमाची तारीख लिहा.